बैजिक राशींचं सरळ रूप आणि अवयव: काटाकाट नेमकी कुठे चालते?

(क्ष + ६) भागिले (क्ष + २). वरचा-खालचा क्ष काटला, ६ ला २ ने भागलं, उत्तर ३. बीजगणितात मार्क घालवणारी ही नेहमीची चूक. क्ष = २ धरला तर वर ८, खाली ४, म्हणजे उत्तर २ येतं, ३ नाही. असं का होतं, हे समजलं की हा धडा बराच सोपा होतो. (पुस्तकात 'एक्स' असतो, इथे त्याच जागी 'क्ष' वापरला आहे.)

सरळ रूप देणं म्हणजे काय?

राशीची किंमत न बदलता ती आटोपशीर लिहिणं. त्यासाठी फक्त सजातीय पदं एकत्र करायची. ३क्ष + ५ + २क्ष − १ म्हणजे ५क्ष + ४. इथून पुढे ९क्ष होत नाही, कारण ५क्ष आणि ४ ही विजातीय पदं आहेत.

कंसाआधी वजा असेल, तर कंस काढताना आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलतं:
७क्ष − (२क्ष − ३) = ७क्ष − २क्ष + ३ = ५क्ष + ३

अवयव कसे पाडायचे?

अवयव पाडणं म्हणजे बेरीज-वजाबाकीत लिहिलेली राशी गुणाकाराच्या रूपात लिहिणं. त्याच्या तीन मुख्य पद्धती:

१. सामाईक अवयव बाहेर काढणं: ६क्ष² + ९क्ष = ३क्ष(२क्ष + ३)

२. वर्गांची वजाबाकी: क्ष² − ४ = (क्ष + २)(क्ष − २). याच सूत्राने १०२ × ९८ तोंडी करता येतो: १०,००० − ४ = ९,९९६.

३. मधलं पद फोडणं: क्ष² + ५क्ष + ६ मध्ये गुणाकार ६ आणि बेरीज ५ येईल अशा संख्या शोधायच्या. त्या २ आणि ३.
क्ष² + २क्ष + ३क्ष + ६
= क्ष(क्ष + २) + ३(क्ष + २)
= (क्ष + २)(क्ष + ३)

मग काटाकाट कुठे चालते?

फक्त अवयवांची. बेरजेतल्या पदांची नाही. (क्ष² + ५क्ष + ६) भागिले (क्ष + २) या उदाहरणात अंशाचे अवयव पाडल्यावर (क्ष + २) हा पूर्ण कंस वर-खाली सारखाच दिसतो. तो काटला की उत्तर क्ष + ३. अट एकच, क्ष ची किंमत −२ नसावी, कारण तेव्हा छेद शून्य होतो. सुरुवातीच्या उदाहरणात मात्र क्ष हा अवयव नव्हता, बेरजेतलं एक पद होतं.

दहावीतल्या वर्गसमीकरणांनाही हेच उपयोगी पडतं. गुणाकार शून्य असेल, तर निदान एक अवयव शून्य असतोच. म्हणून क्ष² + ५क्ष + ६ = ० ची उत्तरं −२ आणि −३.

उत्तर कसं तपासायचं?

क्ष च्या जागी २ किंवा ३ सारखी लहान संख्या मूळ राशीत आणि उत्तरात ठेवून पाहायची. किमती जुळल्या नाहीत, तर कुठेतरी नक्की चुकलं आहे. एका संख्येला जुळल्या म्हणजे उत्तर सिद्ध झालं असं नाही, पण परीक्षेत बऱ्याच चुका इथेच पकडता येतात.