घराची दुरुस्ती आणि नूतनीकरण : वर्धा जिल्ह्यात कोणता खर्च वसूल होतो?

महात्मा गांधी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. आपल्यासाठी बांधायचे घर स्थानिक साहित्यातूनच उभे राहावे आणि त्याचा खर्च १०० रुपयांच्या आत राहावा, अशी अट त्यांनी घातली होती. पुढे या गावाचे नाव सेवाग्राम झाले. मातीच्या जाड भिंती, उतरते कवेलूचे छप्पर आणि खोल ओसरी असलेली आश्रमातील घरे आजही पाहता येतात. आता १०० रुपयांत घर होणार नाही, पण काम काढण्याआधी खर्चाची मर्यादा ठरवणे आणि गावाचे हवामान पाहून साहित्य निवडणे हे दोन नियम आजही लागू आहेत.

'वसूल होणे' म्हणजे काय?

नूतनीकरणाचा पैसा चार वाटांनी परत येतो : वीजबिलात बचत, भाड्याचे उत्पन्न, पुढचा मोठा खर्च टळणे आणि विक्रीच्या वेळी मिळणारी जास्त किंमत. मोठ्या शहरातील फ्लॅटच्या बाबतीत चौथ्या वाटेची चर्चा जास्त होते. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव यांसारख्या गावांत स्वतंत्र घर घेणारा मात्र आधी जागा, रस्ता आणि कागदपत्रे पाहतो. महागड्या फरशीची किंवा पीओपीच्या छताची किंमत तो क्वचितच वेगळी मोजतो. त्यामुळे येथे पहिल्या तीन वाटांचा हिशेब आधी करावा.

आधी भेगा, मग रंग

जिल्ह्याच्या बऱ्याच भागात काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया उथळ असेल तर या हालचालीने भिंतींना तिरप्या भेगा जातात. अशी भेग पुट्टी भरून रंगवली, तर पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा दिसते आणि रंगाचे पैसे वाया जातात.

भेग जिवंत आहे का, हे घरच्या घरी तपासता येते. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठिपका लावून शेजारी तारीख लिहावी. ठिपका तडकला तर हालचाल चालू आहे असे समजावे. एका पावसाळ्यासह काही महिने निरीक्षण केले तर अंदाज पक्का होतो. भेग रुंदावत असेल, दाराची चौकट अडकू लागली असेल किंवा स्लॅबमधील गज उघडे पडले असतील, तर ठेकेदाराला बोलावण्याआधी स्थापत्य अभियंत्याचा सल्ला घ्यावा.

बहुतेक घरांत पहिला उपाय स्वस्त असतो. छताचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडू न देता पाइपने लांब नेणे, जोत्याभोवती दोन-तीन फूट रुंदीचा बाहेर उतार असलेला पट्टा करणे आणि नळाची गळती थांबवणे. पायाजवळील मातीतील ओलावा जितका स्थिर, तितक्या भेगा कमी.

ऊन अडवण्यावर केलेला खर्च

वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता खाली सोडतो, म्हणून सर्वाधिक फायदा छतावर केलेल्या कामाचा होतो. गच्चीवर पांढरा चुना किंवा उष्णता परावर्तित करणारा रंग देणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे. चायना मोझॅक महाग पडते, पण ते गळती आणि उष्णता दोन्हींवर काम करते. पश्चिमेच्या खिडकीवर रुंद सज्जा किंवा बाहेरून बांबूची चटई लावली तर ऊन काचेपर्यंत पोहोचत नाही.

जुन्या घरांत एक चूक वारंवार होते. कवेलू दरवर्षी फेरावे लागतात म्हणून ते काढून टिनाचे पत्रे टाकले जातात. देखभाल वाचते, पण घर भट्टीसारखे तापते आणि कुलरचे बिल वाढते. पत्रे टाकायचेच असतील, तर खाली हवेची पोकळी ठेवून छत लावण्याचा खर्च सुरुवातीलाच धरावा. कुलरसाठी खिडकी करताना समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला वाट ठेवावी. ती नसेल तर खोलीत फक्त दमटपणा वाढतो.

सौर पॅनेल आणि भाड्याची खोली

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने'त घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रति किलोवॉट ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या संचासाठी एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरवण्यात आले. समजा, संचाची किंमत १,८०,००० रुपये आहे. अनुदान वजा जाता १,०२,००० रुपये उरतात. बिलात महिन्याला १,५०० रुपये वाचले, तर ही रक्कम सुमारे ५ वर्षे ८ महिन्यांत वसूल होते. मुळात बिलच कमी असेल तर हा काळ लांबतो, म्हणून आधी वर्षभराची बिले पाहावीत.

सेवाग्राम आणि सावंगी येथील वैद्यकीय महाविद्यालये, तसेच वर्ध्यातील हिंदी विश्वविद्यालय यांमुळे विद्यार्थी आणि कर्मचारी खोल्या शोधत असतात. समजा, स्वतंत्र दार आणि स्नानगृहासह खोली तयार करायला २ लाख रुपये लागले आणि भाडे महिना ३,००० रुपये आहे. रिकामे महिने आणि किरकोळ दुरुस्ती धरून वर्षाला ३०,००० रुपये हाती राहिले, तर वसुलीला ६ वर्षे ८ महिने लागतात. कर्ज काढून काम केले असेल तर व्याजही या हिशेबात घ्यावे.

कामांचा क्रम

क्रम चुकला की केलेले काम पुन्हा फोडावे लागते. साधारण क्रम असा ठेवावा :

१. पाया, भेगा आणि पाण्याचा निचरा
२. छताची गळती
३. वायरिंग, अर्थिंग आणि नळजोडणी
४. प्लास्टर आणि फरशी
५. दारे-खिडक्या आणि रंग

सौर पॅनेल गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाल्यावरच बसवावेत. काँक्रीट आणि प्लास्टरला भरपूर तराई लागते. मेच्या उन्हात ते लवकर सुकतात आणि तडकतात, म्हणून ही कामे हिवाळ्यात उरकणे चांगले. छताचे काम जूनच्या आत संपावे.

कागदपत्रे, परवानगी आणि कर

रंग, फरशी, प्लास्टर अशा कामांना सहसा बांधकाम परवानगी लागत नाही. खोली वाढवणे, मजला चढवणे किंवा भार पेलणारी भिंत काढणे यांसाठी नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीकडे आधी चौकशी करावी. विनापरवाना वाढवलेली खोली विक्रीच्या आणि कर्जाच्या वेळी अडचण ठरते. गावठाणातील घर असेल तर नमुना ८ वरील नाव आणि क्षेत्रफळ तपासावे. 'स्वामित्व' योजनेतून ड्रोन मोजणी झालेल्या गावांत मालमत्ता पत्रकही मिळते. वडिलोपार्जित घर भावंडांच्या नावे सामाईक असेल, तर खर्च कोणी केला आणि वाटणीत तो कसा धरायचा, हे काम सुरू होण्याआधी लिहून ठेवावे. नाहीतर एकाने घातलेला पैसा सगळ्यांच्या वाट्याला जातो.

दुरुस्तीच्या कर्जावरील व्याजाला, स्वतः राहत असलेल्या घरासाठी, जुन्या करप्रणालीत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. घर विकताना सुधारणेवरचा भांडवली खर्च नफ्यातून वजा करता येतो. नेहमीची रंगरंगोटी त्यात धरली जात नाही. त्यासाठी पक्की बिले आणि बँकेतून दिलेल्या पैशांची नोंद जपून ठेवावी.

ठेकेदाराशी व्यवहार

किमान तीन जणांकडून लेखी अंदाज घ्यावा आणि तिघांनाही कामाची एकच यादी द्यावी, म्हणजे तुलना करता येते. दर 'मालासह' आहे की 'फक्त मजुरी', हे स्पष्ट लिहून घ्यावे. पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्यावेत आणि शेवटचा हप्ता पहिला जोराचा पाऊस पडून गळती तपासेपर्यंत राखून ठेवावा. जुन्या घरात भिंत उघडल्यावर नवे काम निघतेच. म्हणून ठरलेल्या रकमेपैकी दहा ते पंधरा टक्के बाजूला ठेवूनच कामाला हात घालावा.