दोन हरवलेले बिट आणि ठप्प झालेले जाळे : अर्पानेट, २७ ऑक्टोबर १९८०

१/२०
२९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसमधील कॅलिफोर्निया विद्यापीठातून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाकडे एक शब्द निघाला : 'लॉगिन'. त्यातील 'एल' आणि 'ओ' ही दोनच अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक कोसळला. दोष दूर झाल्यावर सुमारे तासाभराने पूर्ण शब्द पोहोचला. आजच्या इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटचा जन्म हा असा.

२/२०
या घटनेला अकरा वर्षे पूर्ण व्हायला दोन दिवस उरले असताना त्याच अर्पानेटवर याहून मोठे संकट आले. २७ ऑक्टोबर १९८० रोजी एखादा संगणक नव्हे, संपूर्ण जाळेच कित्येक तास निरुपयोगी झाले. वीज गेली नव्हती, तारा तुटल्या नव्हत्या, कोणी घुसखोरीही केली नव्हती. मग झाले काय? त्या तपासाची ही हकिकत.

३/२०
प्रथम जाळ्याची रचना. अर्पानेटमध्ये विद्यापीठांचे मोठे संगणक एकमेकांशी थेट बोलत नसत. प्रत्येक ठिकाणी 'इंप' नावाचे एक स्वतंत्र छोटे यंत्र असे. संदेशाचे तुकडे घेणे, पुढचा मार्ग ठरवणे आणि शेजारच्या इंपकडे ते रवाना करणे हे त्याचे काम. आज कार्यालयाच्या कोपऱ्यात लुकलुकणारा राउटर हा या इंपचाच वंशज.

४/२०
हे इंप बांधले मॅसेच्युसेट्समधील केंब्रिज येथील 'बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन' म्हणजेच बीबीएन या कंपनीने. जाळ्यावर देखरेख करणारे नियंत्रण केंद्रही तिच्याकडेच होते. १९७५ पासून अर्पानेटचा कारभार अमेरिकेच्या संरक्षण दळणवळण यंत्रणेकडे आला होता. १९८० पर्यंत हे जाळे प्रयोग राहिले नव्हते. संशोधकांचा दैनंदिन पत्रव्यवहार त्यावर चालत असे. त्यामुळे ते थांबणे ही केवळ तांत्रिक गैरसोय नव्हती.

५/२०
संदेशाला मार्ग दाखवायचा तर प्रत्येक इंपला संपूर्ण जाळ्याचा नकाशा माहीत हवा. १९७९ मध्ये त्यासाठी नवी पद्धत लागू झाली. प्रत्येक इंप आपल्या तारांवर किती विलंब होतो ते मोजी आणि त्याचे एक छोटे वार्तापत्र शेजाऱ्यांना देई. शेजारी ते आपल्या शेजाऱ्यांना देत. अशा रीतीने एकाची वार्ता काही क्षणांत सर्वांपर्यंत पोहोचे. गावात दवंडी पिटावी तसाच हा प्रकार.

६/२०
या वार्तापत्रांना सामान्य संदेशांपेक्षा अग्रक्रम होता. ते योग्यच होते. रस्ता बंद झाल्याची बातमी रस्त्यावरील गाड्यांच्या आधी पोहोचली पाहिजे. पण दवंडीत एक अडचण असते. एकच वार्ता दोन वाटांनी, मागेपुढे येऊ शकते. मग नवी कोणती आणि शिळी कोणती, हे ओळखायचे कसे?

७/२०
उपाय म्हणून प्रत्येक वार्तापत्रावर अनुक्रमांक घातला जाई. मोठा क्रमांक नवा, लहान क्रमांक जुना. नवा असेल तर स्वीकारायचा व पुढे पाठवायचा. जुना असेल तर टाकून द्यायचा. क्रमांकासाठी जागा होती फक्त सहा बिटांची, म्हणजे ० ते ६३ असे ६४ आकडे. ६३ नंतर पुन्हा ० येई.

८/२०
अशा चक्राची गंमत इतिहासाच्या अभ्यासकांना नवी नाही. 'प्रभव' ते 'क्षय' अशी साठ संवत्सरे. क्षय संपला की पुन्हा प्रभव. एखाद्या जुन्या कागदावर केवळ संवत्सराचे नाव असेल तर तो या आवर्तनातला की साठ वर्षांपूर्वीच्या, हे नावावरून कळत नाही. अशा दोन कागदांपैकी आधीचा कोणता, हे ठरवायला काहीतरी गृहीत धरावेच लागते.

९/२०
अर्पानेटच्या रचनाकारांनीही एक गृहीत धरले. दोन क्रमांकांतील अंतर ३२ किंवा त्याहून कमी असेल तर मोठा क्रमांक नवा. अंतर ३२ हून जास्त असेल तर चक्र पूर्ण होऊन पुन्हा सुरू झाले असे मानायचे आणि लहान क्रमांक नवा समजायचा. एका इंपची फार वेगवेगळ्या वेळची वार्तापत्रे जाळ्यात एकाच वेळी फिरत नसल्यामुळे हा नियम निर्धोक वाटत होता. त्या दिवसापर्यंत तो होताही.

१०/२०
आता २७ ऑक्टोबर. नियंत्रण केंद्राला दिसणारी लक्षणे चमत्कारिक होती. देशभर तारा 'बंद' दिसत होत्या, पण तारांत दोष सापडत नव्हता. इंप चालू होते, पण काम करत नव्हते. एखादे यंत्र बिघडले तर त्याच्यापुरता प्रदेश ठप्प व्हावा. येथे सर्वत्र एकाच वेळी तीच अवस्था होती.

११/२०
अशा वेळी अनुमानांपेक्षा पुरावा उपयोगी पडतो. अभियंत्यांनी निरनिराळ्या इंपच्या स्मृतीतील मजकूर जसाच्या तसा उतरवून घेतला. त्यात एकच दृश्य पुनःपुन्हा दिसले : रांगा वार्तापत्रांनी तुडुंब भरलेल्या. आणि ती सारी वार्तापत्रे एकाच यंत्राच्या नावावर होती, इंप क्रमांक ५० च्या.

१२/२०
त्याहून विलक्षण गोष्ट म्हणजे त्या असंख्य वार्तापत्रांवर तीनच अनुक्रमांक होते : ८, ४० आणि ४४. हे तीन आकडे द्विमान पद्धतीत लिहिले की उलगडा होऊ लागतो.
४४ = १०११००
४० = १०१०००
८ = ००१०००
४४ मधील एक '१' पुसला की ४० उरतो. ४० मधील एक '१' पुसला की ८ उरतो.

१३/२०
पोथ्यांच्या प्रती ताडून पाहणाऱ्याला ही खूण लगेच ओळखू येईल. लेखनिकाकडून एक मात्रा सुटते. त्या प्रतीवरून दुसरी प्रत करताना आणखी एक सुटते. तीन पाठ दिसतात, पण मूळ एकच असते. येथे लेखनिक होता इंप क्रमांक ५० चा शेजारी, इंप क्रमांक २९. त्याच्या हार्डवेअरमध्ये दोष होता आणि त्याच्याकडून बिट गळत होते.

१४/२०
आता नियम लावून पाहा. ४४ आणि ४० मधील अंतर ४, म्हणून ४४ नवा. ४० आणि ८ मधील अंतर ३२, म्हणून ४० नवा. ४४ आणि ८ मधील अंतर ३६, म्हणजे ३२ हून जास्त; म्हणून ८ नवा! ८ पेक्षा ४० नवा, ४० पेक्षा ४४ नवा, आणि ४४ पेक्षा पुन्हा ८ नवा. दगड-कागद-कात्रीच्या खेळाप्रमाणे शेवटचा विजेता कोणीच नाही.

१५/२०
परिणाम भयंकर होता. प्रत्येक इंप प्रामाणिकपणे नियम पाळत होता. ८ नंतर ४० आला : नवा आहे, पुढे पाठवा. ४४ आला : नवा आहे, पुढे पाठवा. पुन्हा ८ आला : तोही नवा! या अग्रक्रमाच्या कामात यंत्रे इतकी बुडाली की तार चालू असल्याची शेजाऱ्याला द्यावयाची साधी खूणही वेळेत हाताळली जाईना. म्हणून धडधाकट तारा 'बंद' दिसत होत्या.

१६/२०
चुका पकडण्याची व्यवस्था नव्हती काय? होती. १९७० च्या दशकात हार्वर्ड येथील इंपच्या स्मृतीत बिघाड होऊन त्याने सर्व ठिकाणांचे अंतर शून्य असल्याचे जाहीर केले होते आणि जाळ्यातील वाहतूक त्याच्याकडे लोटली होती. अशा अनुभवांतून मार्गविषयक वार्तापत्रांना चेकसम, म्हणजे पडताळणीची बेरीज, जोडली गेली. पण ती वार्तापत्राच्या प्रवासावर पहारा देई. ते उलगडून यंत्राच्या स्मृतीत ठेवलेले असताना बिट गळला तर पुढे पाठवताना त्या चुकीच्या मजकुराचीच बेरीज नव्याने केली जाई, आणि ती अचूक येई.

१७/२०
उपायही सोपा नव्हता. एखादा इंप बंद करून पुन्हा चालू केला तरी शेजारी क्षणात तीच तीन वार्तापत्रे त्याच्या हाती देत. रोग कोणत्याही एका यंत्रात राहिला नव्हता. तो यंत्रांच्या परस्परव्यवहारात होता. अखेर एक पॅच तयार झाला : इंप ५० च्या नावाने आलेले प्रत्येक वार्तापत्र दुर्लक्षित करा. तो इंपमध्ये भरल्यावर फेरा तुटला आणि जाळे पूर्वपदावर आले.

१८/२०
बीबीएनचे एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये या घटनेचे सविस्तर टिपण प्रसिद्ध केले. दोष एका सदोष यंत्रावर ढकलून मोकळे होता आले असते. हार्डवेअर कधीतरी बिघडणारच. पण एका कोपऱ्यातील बिघाड साऱ्या जाळ्याला का झोपवतो, हा प्रश्न त्यांनी मांडला. १९८३ मध्ये रॅडिया पर्लमन यांनी अशा वार्ता पसरवण्याची दोष पचवणारी रीत मांडली. चुकीची वार्ता शिरली तरी काही काळाने जाळ्याने स्वतःहून सावरले पाहिजे, हा तिचा गाभा.

१९/२०
१९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या आणि आजही असंख्य कार्यालयांची जाळी चालवणाऱ्या ओएसपीएफ या नियमसंचात त्या दिवसाच्या जखमा स्पष्ट दिसतात. अनुक्रमांक आता ३२ बिटांचा आणि सरळ रेषेत वाढणारा, चक्र नाही. प्रत्येक वार्तेला वय असते, ते प्रत्येक टप्प्यावर वाढते आणि एका तासाने ती बाद होते; त्यामुळे कोणतीही वार्ता अनंतकाळ फिरू शकत नाही. आणि चेकसम प्रवासापुरता उरला नाही; स्मृतीत पडून असलेल्या वार्तेचीही ठरावीक काळाने पडताळणी होते.

२०/२०
कार्यालयातील सर्व्हर कारणाविना कोसळू लागला की पहिला संशय त्या सर्व्हरवरच जातो. १९८० च्या तपासाने दाखवलेली वाट वेगळी आहे. कोसळलेले यंत्र बहुधा साक्षीदार असते. त्याला पुन्हा चालू करण्याच्या घाईत त्याची साक्ष पुसली जाते. स्मृतीतील मजकूर आधी उतरवून घेतला, तर त्यातील तीन आकडेही शेजारच्या खोलीतील खऱ्या दोषापर्यंत नेतात. त्या दिवशी इंप ५० च्या नावावर सारा गोंधळ नोंदलेला होता, आणि बिट गाळणारा होता त्याचा शेजारी.