शिशाची गळवजने : बंदीचा वाद

गळाने मासे धरताना आमिष पाण्यात इच्छित खोलीवर राहावे व दोरी ताठ उतरावी, यासाठी दोरीला लावावयाची लहान वजने म्हणजे गळवजने होत. ती परंपरेने शिशाची करीत. शिसे जड, स्वस्त व मऊ असून सु. ३२७° से. तापमानास वितळते, त्यामुळे घरच्या शेगडीवरही त्याची वजने ओतता येतात. इंग्लंडमधील नद्यांवर व कालव्यांवर सर्वांत अधिक वापरात असे ती मधोमध चीर पाडलेली बारीक गोळी. चिरेत दोरी धरून गोळी बोटांनी वा दातांनी चिमटली की ती पक्की बसते आणि नखाने उकलून पुन्हा वापरता येते. या गुणांमुळे ती गळाने मासे धरणाऱ्यांच्या, म्हणजे गळकऱ्यांच्या, हाती शतकाहून अधिक काळ राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्यावर बंदी घालण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा ब्रिटन व अमेरिकेची संयुक्त संस्थाने या दोन देशांत गळकऱ्यांनी तिला विरोध केला. हा विरोध पक्षिरक्षणाच्या कल्पनेलाच होता असे म्हणता येणार नाही. पुरावा किती हवा व तो कशाचा हवा, एकेका पक्ष्याच्या मृत्यूचा की पक्ष्यांची एकूण संख्या घटल्याचा, हा वादाचा खरा मुद्दा होता.

ब्रिटनमधील वाद मूक हंसावरून (सिग्नस ओलोर) उद्भवला. हा पक्षी तेथील संथ नद्यांचा व नगरांतील जलाशयांचा कायमचा रहिवासी आहे. खुल्या पाण्यातील खूण न केलेल्या मूक हंसांवर राजसत्तेचा परंपरागत हक्क आहे. टेम्स नदीच्या काही भागात हा हक्क मद्यव्यापारी व रंगारी यांच्या दोन जुन्या संघांनाही आहे. या हक्कासाठी दरवर्षी जुलैमध्ये टेम्सवर होड्या घालून हंस व त्यांची पिले मोजण्याची प्रथा शतकानुशतके चालत आली आहे. मूळ हेतू मालकीचा व मेजवानीचा असला, तरी तिच्यामुळे एका पक्ष्याच्या संख्येची दीर्घकालीन नोंद आपोआप तयार झाली. १९६० नंतर या गणनेत उतार दिसू लागला. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास लंडन ते हेन्ली या टप्प्यात पिले असलेल्या जोड्या दहांहूनही कमी उरल्या. एव्हन नदीवरील स्ट्रॅटफर्ड येथील हंसांचा प्रसिद्ध थवाही १९७० नंतरच्या दशकात जवळजवळ नाहीसा झाला.

मेलेल्या हंसांची शवचिकित्सा केल्यावर अनेकांच्या पेषणीत शिशाच्या झिजलेल्या गोळ्या आढळल्या. दात नसल्यामुळे हंस नदीच्या तळातील व काठावरील बारीक खडे गिळतो व त्यांच्या साहाय्याने पेषणीत अन्न दळतो. सांडलेली वा तुटल्या दोरीबरोबर टाकून दिलेली गोळी त्याला खड्यासारखीच वाटते. पेषणीत ती घासली जाते, जठरातील अम्लात विरघळते आणि शिसे रक्तात जाते. त्यामुळे हीमोग्लोबिन तयार करण्यास लागणाऱ्या विकरांचे कार्य बंद पडते. तसेच तंत्रिकांना व स्नायूंना इजा पोहोचते. पेषणीचे स्नायू लुळे पडल्याने खाल्लेले अन्न पुढे सरकत नाही व ग्रसिकेत तुंबते. हंसाची मान वाकडी होऊन पाठीवर टेकते आणि गळ्यापर्यंत अन्न भरलेला पक्षी उपासमारीने मरतो. १०० मिलि. रक्तात ४० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसे आढळल्यास ते विषबाधेचे लक्षण मानण्यात येऊ लागले.

ब्रिटिश शासनाच्या निसर्गसंवर्धन परिषदेने नेमलेल्या कार्यगटाचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये दरवर्षी तीन ते चार हजार मूक हंस शिशाच्या विषबाधेने मरत असावेत, असा त्याचा अंदाज होता. शिशाच्या बारीक गोळ्यांचा वापर पाच वर्षांत क्रमाक्रमाने थांबवावा, अशी शिफारस त्यात करण्यात आली. पण सक्तीऐवजी गळकऱ्यांच्या सहकार्यावर भर देण्यात आला. पर्यावरणीय प्रदूषणविषयक राजआयोगाने १९८३ मधील आपल्या नवव्या अहवालात शिशाच्या सर्वच उपयोगांचा परामर्श घेतला व गळवजनांच्या बाबतीतही पर्याय उपलब्ध होताच शिसे सोडावे, असे सुचविले.

गळकऱ्यांचा विरोध या टप्प्यावर संघटित झाला. गळाने मासे धरणे हा ब्रिटनमधील सर्वाधिक लोकांचा छंद होता. १९८० च्या सुमारास त्याचे अनुयायी तीस लाखांहून अधिक होते. नद्या व कालव्यांवर हा छंद करणाऱ्यांत औद्योगिक नगरांतील कामगारांचा भरणा मोठा होता. सामन व ट्राउट धरणाऱ्या सधन वर्गाचा प्रश्न वेगळा होता, कारण कृत्रिम माशीने मासे धरताना अशा गोळ्यांची फारशी गरज लागत नाही. राजचिन्हासारखा मिरवणारा पक्षी एका बाजूस व रविवारी कालव्याच्या काठी बसणारा कामगार दुसऱ्या बाजूस, असे वादाचे चित्र काही काळ उभे राहिले. ते अगदीच खोटे नव्हते. पण हंसांचे मृत्यू त्याने कमी होत नव्हते.

गळकऱ्यांचे आक्षेप एकाच तोडीचे नव्हते. हंसांच्या घटीस यांत्रिक होड्यांची वाढती रहदारी, पाणवनस्पतींचा नाश, विजेच्या तारा, पोरांचा उपद्रव अशी इतर कारणे असल्याचे ते सांगत. ती कारणे खरीही होती. शिसे बंदुकीच्या छऱ्यांतून वा मोटारींच्या पेट्रोलातून आले असावे, हा दावा मात्र तितका टिकणारा नव्हता. पेट्रोलातील शिसे गोळीच्या रूपाने पेषणीत सापडत नाही, आणि नगरांतून वाहणाऱ्या पात्रांत बंदुकीची शिकार होत नसे. सर्वांत बोलका पुरावा दिनदर्शिकेचा होता. इंग्लंडमधील नद्यांवर १५ मार्च ते १५ जून हा मासेमारीचा बंद काळ असे. टेम्सवरील हंसांच्या रक्ताची ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी केलेली तपासणी १९८२-८३ मध्ये प्रसिद्ध झाली. मासेमारीचा हंगाम सुरू झाल्यानंतर हंसांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण वाढते, असे तीत दिसले.

पर्यायी वजनांविषयीची तक्रार अधिक सबळ होती. आरंभी बाजारात आलेली बदली वजने कठीण असत. ती दोरीवरून घसरत किंवा तिला कापत, आणि त्यांची किंमतही शिशापेक्षा बरीच जास्त होती. दोरी कापली गेली की मासा गळ व दोरीचा तुकडा तोंडात घेऊनच निसटतो, म्हणजे एक क्लेश टाळताना दुसरा ओढवतो, हे गळकऱ्यांचे म्हणणे अनुभवातून आलेले होते. याशिवाय एक भीती उघडपणे कमी बोलली जाई. कुत्र्यांच्या साहाय्याने होणाऱ्या शिकारीविरुद्ध त्या काळी चळवळ चालू होती. आज शिशावर बंदी मान्य केली, तर उद्या गळावरच ती येईल, असे अनेकांना वाटत होते. गळकऱ्यांच्या संस्थांनी म्हणून स्वयंशिस्तीचा मार्ग पुढे केला : काठावर कचरा टाकू नये, दोरीचे तुकडे घरी न्यावेत, गोळ्या सांडू नयेत. त्यातून काही ठिकाणी काठ स्वच्छ झाले. परंतु एका हंसाला मारण्यास थोड्या गोळ्या पुरतात आणि पूर्वीच्या पिढ्यांनी सांडलेले शिसे तळाशी होतेच. त्यामुळे जपून वापरण्याने प्रश्न सुटणे कठीण होते.

स्वेच्छेचा मार्ग अपुरा ठरल्यावर प्रदूषण नियंत्रण अधिनियम, १९७४ याखाली १९८६ मध्ये विनियम करण्यात आले व ते १ जानेवारी १९८७ पासून अंमलात आले. ०.०६ ग्रॅ. ते २८.३५ ग्रॅ. (१ औंस) वजनाच्या शिशाच्या गळवजनांची आयात व पुरवठा त्यांनी बंद केला. अतिसूक्ष्म गोळ्या आणि हंस सहसा गिळणार नाही अशी मोठी वजने वगळली गेली. गळकऱ्यांच्या विरोधातून पदरी पडलेली सवलत म्हणून तिच्याकडे पाहता येईल. विनियमांत प्रत्यक्ष वापरास मनाई नव्हती. ती इंग्लंड व वेल्समध्ये जलप्राधिकरणांनी उपविधी करून घातली.

बंदीनंतर विरोध लवकर ओसरला. टंगस्टनमिश्रित लगदा, कथिल व इतर मऊ मिश्रधातूंच्या गोळ्या बाजारात आल्या आणि नव्या पिढीला शिशाची सवयच राहिली नाही. ग्रेट ब्रिटनमधील मूक हंसांची संख्या १९८३ मध्ये सु. १९,००० होती, ती १९९० मध्ये २५,००० च्या वर गेली. या वाढीचे काही श्रेय सौम्य हिवाळ्यांना द्यावे, असे मत काही काळ मांडले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन विश्लेषणात मात्र हिवाळ्याचे तापमान व अन्न यांपेक्षा शिशावरील निर्बंध हेच वाढीचे कारण ठरले. मेलेल्या हंसांतील शिसेबाधितांचे प्रमाण बंदीपूर्वी सु. एक तृतीयांश होते, ते पुढे खूपच खाली आल्याचेही त्यात आढळले. विषबाधा पूर्णपणे थांबलेली मात्र नाही, कारण तळातील जुने शिसे पक्ष्यांच्या पोटात जातच राहते.

अमेरिकेतील वादाचा निकाल वेगळा लागला. तेथे प्रश्न उत्तरेकडील सरोवरांतील लून (गाविया इमर) या पक्ष्याचा होता. खड्यांबरोबर, किंवा गळ तोंडात अडकलेल्या माशाबरोबर, तो शिसे गिळतो. काही पर्यावरणवादी संस्थांनी १९९२ मध्ये अर्ज केल्यावर पर्यावरण संरक्षण अभिकरणाने मार्च १९९४ मध्ये शिसे व जस्त यांच्या लहान गळवजनांचे उत्पादन, आयात व विक्री बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. अर्जदारांत कृत्रिम माशीने मासे धरणाऱ्यांचा एक महासंघही होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. प्रस्तावात घरगुती ओतकामही येत होते. आठ ते सोळा लाख गळकरी स्वतःची वजने स्वतः ओतत असावेत, असा अभिकरणाचाच अंदाज होता. त्यामुळे विरोध केवळ कारखानदारांचा राहिला नाही. काही पक्षी मेले तरी त्यांची एकूण संख्या घटल्याचा पुरावा नाही, आणि १९५० च्या कायद्यापासून मासेमारीच्या साधनांवरील कराच्या रूपाने मत्स्यसंवर्धनाचा खर्च गळकरीच उचलत आले आहेत, असे विरोधकांचे म्हणणे होते. प्रस्ताव अखेर नियमात उतरला नाही. २०१० मध्ये नव्याने केलेला अर्जही अभिकरणाने देशव्यापी बंदीची आवश्यकता सिद्ध झालेली नाही, या कारणाने फेटाळला.

राष्ट्रीय पातळीवर हरलेला प्रश्न राज्यांनी एकेकट्याने हाती घेतला. न्यू हॅम्पशरने २००० पासून सरोवरांत व तळ्यांत लहान वजनांच्या वापरास मनाई केली व २००६ मध्ये ती सर्व गोड्या पाण्याला लावली. मेन, न्यूयॉर्क व व्हरमाँट या राज्यांनीही पुढील काही वर्षांत निर्बंध घातले. लून हा १९६१ पासून ज्याचा राज्यपक्षी आहे, त्या मिनेसोटाने मात्र लोकशिक्षण व बदली वजनांचे वाटप हा मार्ग धरला. एकूण संख्येचा जो पुरावा विरोधक मागत होते, तो न्यू हॅम्पशरमधील अभ्यासाने २०१८ मध्ये पुढे आणला. १९८९ ते २०१२ या काळात तेथे मेलेल्या व तपासलेल्या प्रौढ लूनपैकी सु. ४९ टक्के शिशाच्या गळसाहित्याने मेले होते आणि राज्यातील त्यांची संख्या त्यामुळे ४३ टक्क्यांनी कमी राहिली, असा त्याचा निष्कर्ष आहे. त्याआधीच, जून २०१६ पासून, राज्याने १ औंसापर्यंतच्या शिशाच्या वजनांची विक्रीही बंद केली होती. त्यानंतर गळकऱ्यांच्या पेट्यांत पडून असलेले जुने शिसे दुकानांत परत घेऊन त्याबदली खरेदीची पावती देण्याची योजना तेथे सुरू करण्यात आली.