उसाच्या बिलातली कपात

आलेल्या पैशातलं किती वाटून खायचं आणि किती यंत्रांत घालायचं? हा प्रश्न कुठल्याही व्यवस्थेला चुकलेला नाही. सोव्हिएत रशियात १९२८ पासून त्याचं उत्तर वरून येत होतं. पोलाद वाढलं, किंमत मोजली खेड्यांनी, १९३२-३३ च्या उपासमारीत.

१९५० हे साल म्हणूनच मला महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी टिटोच्या युगोस्लाव्हियाने कारखान्यांचा कारभार कामगार मंडळांकडे दिला. १९५०-५१ च्या हंगामात नगर जिल्ह्यातल्या लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या सहकारी साखर कारखान्याचं पहिलं गाळप झालं.

युगोस्लाव्हियात १९६५ च्या सुधारणांनंतर वाटपाचा अधिकार बराचसा कारखान्यांकडे आला. पण मालकी समाजाची; नोकरी सुटली की कामगाराचा हक्क संपला. मग पगार आज घ्यावा आणि यंत्रांसाठी बँकेचं कर्ज काढावं, हाच हिशेब शहाणपणाचा ठरला. महागाई मात्र वाढत गेली.

लोणीच्या वाटेने गेलेल्या कारखान्यांनी उसाच्या बिलातून ठेवी कापून विस्तार केला. शेतकऱ्याने कपात सोसली, कारण शेअर त्याच्या नावावर होता आणि वाढलेल्या कारखान्यात उद्या त्याचाच ऊस जाणार होता.

माझ्या मते कार्यक्षमतेचा वाद सरकार की बाजार एवढाच नाही. आज पोटाला चिमटा घेणाऱ्याला उद्याच्या फळावर हक्क आहे का, हे आधी विचारावं. त्या कसोटीला आपला सहकारही पुरता उतरत नाही. बीडहून ऊसतोडीला येणाऱ्या नवरा-बायकोची मोजदाद 'एक कोयता' अशी होते. सभासदांच्या यादीत तो कोयता कुठेच नसतो.