हरवलेले वर्ष

सौंसरच्या माणसाला नागपूर घरचे आणि मुंबई दूरची. तरीही १२ मार्च १९९३ चा शुक्रवार ज्यांच्या स्मरणात आहे, अशी माणसे ह्या गावातही पुष्कळ सापडतील. त्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास मुंबईच्या शेअर बाजारापाशी पहिला स्फोट झाला. पाठोपाठ एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, सेंच्युरी बाजार, प्लाझा चित्रपटगृह. २५७ माणसे प्राणास मुकली. असा दिवस कोणाच्या नोंदवहीतून निसटेल, हे खरे वाटावयाचे नाही. परंतु तो निसटला होता.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात दहशतवादाचा अभ्यास करणारे ‘स्टार्ट’ नावाचे केंद्र २००५ साली स्थापन झाले. जगातील दहशतवादी हल्ल्यांची १९७० पासूनची सूची ही त्याची ख्याती. तीत दोन लाखांहून अधिक घटना असून प्रत्येकीचा दिवस, स्थळ, शस्त्र व मृतांची संख्या नमूद आहे. जवळजवळ निम्म्या हल्ल्यांत कोणीही दगावत नाही, हे अशा मोजणीवाचून कळते ना.

ह्या सूचीचा उगम मात्र विद्येत नव्हे, व्यापारात आहे. पिंकर्टन ही अमेरिकेतील जुनी खासगी गुप्तहेर कंपनी. कोणत्या देशात किती धोका आहे, हे आपल्या ग्राहकांना सांगता यावे म्हणून तिचे लोक वृत्तसंस्थांच्या बातम्या वाचून कार्डे भरीत. १९९७ पर्यंतची ही कार्डे प्राध्यापक गॅरी लाफ्री यांनी २००१ साली विद्यापीठात आणली, विद्यार्थ्यांकडून ती संगणकात उतरविली, आणि पाहतात तो १९९३ ची कार्डेच नाहीत! कंपनीने कार्यालय हलविले तेव्हा ती गहाळ झाली होती. बिऱ्हाड हलविताना एखादी पेटी मागे राहते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. त्या पेटीत साऱ्या जगाचे एक वर्ष असावे, हे नवलच.

मग जुन्या बातम्या धुंडाळून ते वर्ष पुन्हा जुळविण्याचा प्रयत्न झाला. हाती लागला तो थोडा अंश. तो वेगळा ठेवला आहे आणि मुख्य सूची १९९२ वरून थेट १९९४ वर जाते.

मुंबईचे ह्यात फारसे बिघडले नाही. तिच्या मृतांची नोंद वृत्तपत्रांत आहे, टाडा न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. खटल्याचे एक शेवटचे पान तर ३० जुलै २०१५ रोजी आपल्या शेजारच्या नागपूर कारागृहात, याकूब मेमनच्या फाशीने लिहिले गेले. गाजलेली घटना पुन्हा मिळविता येते. मिळत नाही ती आडगावची. कोठल्या तरी सौंसरएवढ्या गावी बाजाराच्या दिवशी एकच माणूस मेला असेल, दूरच्या वृत्तसंस्थेने त्याला दोन ओळी दिल्या असतील, आणि कोणा कारकुनाने त्या एका कार्डावर उतरविल्या असतील. त्या माणसाचे जगाच्या हिशेबातले कागद तेवढेच होते.