हुलग्याचं पातेलं आणि कढणाचा वाटा

आजचं आमचं बोलणं एका पातेल्याबद्दल आहे. कामाच्या दिवसांत रोज संध्याकाळी नवं काय करायचं, हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो. पण रानातून दिवेलागणीला परतणाऱ्या बाईपुढे तो कायमच होता. तिचं उत्तर असं असायचं: एकदाच काहीतरी पोटभरीचं शिजवून ठेवायचं आणि दोन-तीन वेळा त्याची वेगवेगळी रूपं करायची. आपल्याकडे या कामाला हुलग्याइतकं सोयीचं कडधान्य दुसरं नाही. देशावर हुलगा, कोकणात आणि गोव्यात कुळीथ. तिकडे उत्तराखंडात त्यालाच गहत म्हणतात.

हा दाणा इथलाच. मिरची, बटाटा, टोमॅटो हे सगळे पोर्तुगीज आल्यानंतरचे पाहुणे. हुलगा त्यांच्या कितीतरी आधीपासून आपल्या चुलीवर आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातली ती शेतकरी वस्ती. घरं, चुली, धान्य साठवायचे बळद सापडले, आणि जळून कोळसा झाल्यामुळे टिकून राहिलेलं धान्यही. त्यात सातू होता, मसूर होती आणि आपला हुलगाही होता. त्या वस्तीच्या शेवटच्या काळात चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. पाऊसमान बिघडल्याची ती खूण असावी, असं उत्खनन करणाऱ्या ढवळीकरांसारख्या अभ्यासकांनी मांडलं. म्हणजे दुष्काळाशी आपली ओळख किती जुनी, बघा.

पाणिनीच्या व्याकरणात तर कुळथासाठी वेगळं सूत्रच आहे. कुळीथ घालून सिद्ध केलेल्या पदार्थाला ‘कौलत्थ’ म्हणावं, असं ते सांगतं. व्याकरणकाराला नियम करावासा वाटला, म्हणजे तो पदार्थ रोजच्या बोलण्यात असणारच. चरक-सुश्रुतांनी कुळथाचं कढण दमा, खोकला आणि मूतखड्यावर सांगितलं आहे. (मूतखड्याचं दुखणं मात्र कढणावर काढत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.)

मग इतक्या मानाच्या दाण्याला कमीपणा कुठून आला? एक कारण त्याच्या इंग्रजी नावातच आहे: हॉर्स ग्रॅम, म्हणजे घोड्याचा दाणा. यातला ‘ग्रॅम’ हा पोर्तुगीजांच्या धान्यवाचक शब्दावरून आलेला. दक्षिणेत घोड्यांना आणि बैलांना हुलगे शिजवून घालत, हे खरंच आहे. आंध्रात आज लग्नकार्यात मिरवणारं उलवचारू त्यातूनच आलं. बैलांसाठी हुलगे शिजवायचे, दाणा बैलांना घालायचा आणि वरचं दाट पाणी आटवून माणसांनी भाताबरोबर खायचं. चव उत्तम, वाद नाही. पण हिशेब जरा नीट बघा: दाणा कुणाला आणि पाणी कुणाला?

हाच हिशेब घरातही चालायचा, आणि तो आम्हाला जास्त टोचतो. पातेल्यातले दाणे आधी रानात जाणाऱ्या गड्यांच्या ताटात, मग मुलांच्या. शेवटी बसणारीच्या वाट्याला भाकरी आणि कढण. ‘पुरवून खाणं’ हे बाईचं कौतुक म्हणून सांगितलं जातं. त्यात तिची हुशारी होती, यात शंका नाही. पण पुष्कळदा ती दुसऱ्याचं पोट भरण्यासाठी स्वतःच्या ताटातून काढून दिलेली हुशारी होती.

सरकारचा हिशेबही फारसा वेगळा नव्हता. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी जानेवारी १८७७ मध्ये दुष्काळी कामावरच्या धडधाकट पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्याची किंमत, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम, आणि वर एक आणा एवढ्यावर आणली. मुंबई इलाख्यात मजुरांनी याविरुद्ध कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनी सांगितलं की एवढ्यावर कष्ट करणारं शरीर टिकणार नाही. धान्य वाढवा, सोबत डाळ आणि भाजी द्या. डाळीवाचून नुसतं धान्य पुरत नाही, हे तेव्हाही कळत होतं. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया-आज्या खडी फोडायला गेल्या. मिलोची लाल भाकरी आणि सुकडी आजही पुष्कळ जणींच्या तोंडी आहे. पुढे २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आला. त्यात माणशी महिन्याला पाच किलो धान्य हक्काचं झालं, पण डाळ त्या हक्कात नाही. तेव्हा डाळीची बाजू अजूनही घरच्या पातेल्यावरच आहे.

आता त्या पातेल्याकडे वळू. पाच माणसांच्या घरासाठी अर्धा किलो हुलगे निवडून घ्या. खडे असतातच, घाई करू नका. स्वच्छ धुऊन रात्रभर भिजवा. सकाळी भरपूर पाणी घालून कुकरला लावा आणि दाणा बोटाने सहज चिरडेपर्यंत शिजवा. हुलगा हट्टी आहे, तुरीच्या डाळीइतक्या शिट्ट्यांत तो ऐकत नाही. शिजवताना त्यात मीठ, कांदा, फोडणी काही घालू नका. जुन्या बायकाही पातेलं असंच कोरं ठेवत, म्हणजे त्याला हवं ते रूप देता येई आणि ते लवकर आंबतही नसे. फ्रिज नव्हता तेव्हा सकाळ-संध्याकाळ उकळी काढत, तीही थंडीच्या दिवसांतच. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवसापलीकडे कुणी ठेवत नसे. आपण गार झाल्याबरोबर झाकून फ्रिजमध्ये ठेवावं आणि तीन दिवसांत संपवावं.

पहिल्या रात्री पाणी गाळून घ्या. तुपात जिरं, ठेचलेला लसूण आणि कढीपत्त्याची फोडणी करून त्यात हे पाणी ओता. दोन आमसुलं टाका. मूठभर दाणे वाटून त्यात मिसळले की कढण दाट होतं आणि खाली पाणी, वर पाणी असं होत नाही. त्याच रात्री एक तृतीयांश दाण्यांची कांदा-खोबऱ्याची उसळ करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढेच दाणे भरडसर ठेचून त्यात ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, कांदा, कोथिंबीर, तीळ घालून थालीपीठ थापा. उत्तराखंडात हेच सारण पराठ्यात भरतात. तिसऱ्या दिवशी उरलेले दाणे तांदळाबरोबर, एखादं गाजर किंवा शेवग्याचा पाला घालून खिचडीत जातात. पाल्याची खिचडी मुलं नाक मुरडत खातात, पण खातात. शेंगोळी, माडगं आणि कोकणातली कुळथाची पिठी या पातेल्यात येत नाहीत. त्यांना पीठ लागतं, ते दळून वेगळं ठेवा. त्यांच्यावर एक वेगळं भाषण होईल!

एक आकडा मात्र चुलीजवळ लिहून ठेवा. १०० ग्रॅम हुलग्यात साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. अर्ध्या किलोची झाली ११० ग्रॅम. पाच माणसं, तीन रात्री, म्हणजे पंधरा वाटे. एका वाट्याला सात ग्रॅमच्या आसपास. भाकरी, थालीपीठ आणि तांदूळ त्यात आपली भर घालतात, ताक-दही घेतलं तर आणखी. पण पातेल्यात तांब्याभर पाणी वाढवलं म्हणून ही ११० ची १२० होत नाहीत. पाहुणा आला तर हुलगे वाढवावे लागतील किंवा त्या रात्री दोन अंडी, मूठभर शेंगदाणे जोडीला घ्यावे लागतील.

वाढताना पळी तळापर्यंत घालून ढवळा, दाणे खालीच बसलेले असतात. आणि पंधरा वाटे मोजताना त्यातले तीन स्वयंपाक करणारीचे आहेत, ते पहिल्याच रात्री वेगळ्या वाटीत काढून ठेवले तरी चालतील.