रेवस ते रेडी : एका रस्त्याची पूर्वपीठिका

रेवसपासून रेडीपर्यंतचा सागरी राज्यमार्ग नकाशावर पाहिला, म्हणजे तो इतका स्वाभाविक वाटतो, की हा रस्ता पूर्वीच का झाला नाही, असा प्रश्न पडावा. त्याचे उत्तर सरकारी दप्तरांपेक्षा कोकणच्या भूगोलात अधिक सापडते, असे आम्हांस वाटते.

कोकणच्या जुन्या व्यापारी वाटा मुख्यतः पूर्व-पश्चिम होत्या. चौल, दाभोळ, राजापूर ही बंदरे घाटवाटांनी देशाशी बांधलेली होती. माल गलबतातून उतरे, भरतीबरोबर खाडीने आत जाई आणि पुढे बैलांच्या पाठीवर घाट चढे. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलास उतरला, तो घाट चढून जुन्नरास गेला. स्वदेशी परतताना तो दाभोळास जहाजावर चढला. दोन्ही बंदरे एकाच किनाऱ्यावरची. परंतु त्यांच्यामधला त्याचा सारा प्रवास घाटावरून झाला. बंदरातून बंदरात जाण्याचा हमरस्ता म्हणजे समुद्रच होता.

पुढे आगबोटी आल्या, तरी ही रीत बदलली नाही. तिची किंमतही कोकणाने मोजली. मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. ज्या रेवसपासून हा मार्ग आरंभ होतो, त्याच्या नावाशी ही आठवण कायमची जोडलेली आहे.

मोटारीचा मुंबई-गोवा रस्ता मात्र किनारा सोडून आतून गेला. त्याचे कारण उघड आहे. मुखाशी खाडी रुंद व खोल असते. आत नदी अरुंद होते आणि पूल सोपा पडतो. त्यामुळे महाड, चिपळूण ही खाडीच्या माथ्याची गावे रस्त्यावर आली. बाणकोट, दाभोळ, जयगड ही मुखावरची गावे बाजूस राहिली. आगबोटी थांबल्यावर तर जी एकेकाळी दाराशी होती, तीच परसात गेली!

सावित्रीकाठच्या आंबेतचे बॅ. अंतुले १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते. त्यांनी सागरी मार्गाचा पुरस्कार केला, यात नवल नाही. परंतु खाड्यांनी आपला हक्क सहज सोडला नाही. एकविसाव्या शतकातही दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ येथे मोटारी फेरीबोटीत चढवून पैलतीरी न्याव्या लागल्या.

रस्ता हवा, हे निर्विवाद आहे. पण किनाऱ्यावर डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जागा थोडी. घरे आणि माडापोफळीच्या वाड्या रस्त्याला लागूनच. तेथे रुंदीकरण म्हणजे कोणाचे तरी अंगण जाणे होय. म्हणून हा रस्ता कोणासाठी, हे आधी ठरले पाहिजे.

नाशिकच्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. नहपान क्षत्रपाच्या या जावयाने तापी, दमण, डहाणू इत्यादी नद्यांवर लोकांना नावेने फुकट पार जाण्याची सोय केली, असे त्यात कोरलेले आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या माणसाला पलीकडे पोहोचविणे हे पुण्यकर्म मानले गेले. आजच्या मार्गासही आम्ही हाच निकष लावू. मुंबईचा प्रवासी किती लवकर पोहोचला, यापेक्षा खाडीअलीकडचा आजारी माणूस रात्री पलीकडच्या दवाखान्यात पोहोचला की नाही, हे अधिक महत्त्वाचे.